समुद्राचा जमाखर्च एकत्र मांडा

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच दिवशी समुद्राविषयी दोन निर्णय घेतले. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या महाबंदराला मंजुरी देण्यात आली. आणि गुजरात व तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांपासून दूर, भर समुद्रात पवनचक्क्या उभारण्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्याची योजना मान्य करण्यात आली. दोन्ही राज्यांच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटचे प्रकल्प उभे राहतील, त्यांतून वर्षाला ३७२ कोटी युनिट वीज मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. गुजरातकडील पवनक्षेत्र खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावाव बंदरापासून समुद्रात सुमारे २३ किलोमीटरवर आखलेले आहे. तेथून वाढवण समुद्रमार्गे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. म्हणजे सौराष्ट्र आणि उत्तर कोकण यांच्या मधल्या एकाच जलपट्ट्याच्या दोन टोकांविषयी एकाच दिवशी निर्णय झाले. परंतु या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या तर त्या पाण्यातील मासळीचे काय होईल, हा प्रश्न दोन्हींपैकी एकाही निर्णयाच्या निवेदनात नव्हता. प्रस्तुत लेखाचा विषय तो न विचारलेला प्रश्न आहे.

सेलूसारख्या, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गावी बसून समुद्राची चिंता कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर आपल्या आठवडी बाजारातच आहे. पावसाळ्याच्या तोंडाला सुकट आणि सुके बोंबील यांची टोपली घेऊन बसलेली बाई आणि तिच्याभोवती जमलेले मजूर हे दृश्य विदर्भातल्या कोणत्याही बाजाराला नवे नाही. डाळीचे भाव चढतात तेव्हा गरिबाच्या भाकरीला आधार देणारी ही सुकट उत्तर कोकणच्या आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली असते. ताज्या पापलेटाचे ताट मुंबईच्या श्रीमंताचे असेल. सुकटीची मूठ मात्र भूमिहीन मजुराची आहे. तेव्हा समुद्रातील मासळीचा प्रश्न केवळ कोळी बांधवांचा नाही. तो अन्नाचा प्रश्न आहे, आणि ज्याला अन्न विकत घेणे कठीण जाते त्याचा तो अधिक आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही वाऱ्याच्या विजेचे विरोधक नाही. चंद्रपूर आणि कोराडी यांच्या धुराखाली ज्यांनी पिढी काढली, त्या विदर्भाला कोळशाच्या विजेची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. वीज राज्यभर जाते, राख येथेच राहते. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, पावसाचे वेळापत्रक बिघडले आहे आणि कोरडवाहू शेतकरी त्याचा पहिला बळी आहे. म्हणून कोळसा सोडून वारा आणि ऊन यांच्याकडे वळलेच पाहिजे. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र मांडणारे जे. सी. कुमारप्पा साठ्याची अर्थव्यवस्था आणि प्रवाहाची अर्थव्यवस्था असा भेद करीत. कोळसा आणि खनिज तेल हा साठा. तो वापरला की संपतो, आणि त्याच्या मालकीसाठी माणसे भांडतात. वारा, वाहते पाणी, दरसाल उगवणारे पीक हा प्रवाह. तो जपून वापरला तर अखंड राहतो. या कसोटीवर वारा कोळशापेक्षा निश्चितच श्रेष्ठ आहे. परंतु याच कसोटीवर समुद्रातील मासळी हीदेखील प्रवाहच आहे. ती दरसाल नव्याने जन्मते, आणि मनुष्याने तिच्या प्रजननाची वाट मोडली नाही तर पिढ्यान्‌पिढ्या अन्न देते. तेव्हा एक प्रवाह मिळविण्यासाठी दुसरा प्रवाह तोडायचा काय, आणि तो तुटतो की नाही हे आधी पाहायचे की नंतर, हा खरा वाद आहे.

समुद्रातील पवनचक्की मासळीचे काय करते, याविषयी युरोपच्या उत्तर समुद्रात बरेच ज्ञान जमले आहे. डेन्मार्कने १९९१ साली विंडेबी येथे ११ चक्क्यांचे जगातील पहिले सागरी पवनक्षेत्र उभारले. २०१७ साली ते काढूनही टाकण्यात आले. या अनुभवातून काही गोष्टी दिसून येतात. पहिला आघात उभारणीच्या वेळी होतो. पोलादाचा कित्येक मीटर व्यासाचा पोकळ खांब यांत्रिक हातोड्याने समुद्रतळात ठोकला जातो. एका खांबाला काही हजार घाव बसतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने आणि फार दूरवर जातो. ज्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते त्यांना तो आवाज अंगभर जाणवतो. घोळ आणि तिचे जातभाई तर स्वतःच या पिशवीच्या साहाय्याने आवाज काढतात व प्रजननाच्या काळात त्या आवाजानेच एकमेकांना शोधतात. तिसऱ्या, कालवे, खेकडे, शेवंड यांना आपल्यासारखे कान नाहीत. पण तळाचा कंप त्यांना कळतो, आणि त्या कंपाने त्यांचे चरणे व शिंपा उघडणे-मिटणे बदलते. दुसरा परिणाम वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या तारांचा. त्यांच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. मुशी आणि पाकट यांच्यासारखे मासे विद्युत्-क्षेत्राच्या जाणिवेवर भक्ष्य शोधतात. खेकड्यांवरही अशा क्षेत्राचा परिणाम होतो, असे स्कॉटलंडमधील प्रयोगांत आढळले आहे.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. खांब उभा राहिल्यावर त्याच्यावर कालवे-शिंपल्यांचे थर चढतात, त्यांच्या आश्रयाने लहान मासे येतात, लहानांच्या मागे मोठे येतात. पवनक्षेत्रात तळ खरवडणारे ट्रॉलर फिरकू शकले नाहीत तर तेथे मासळीला विसावा मिळतो. बेल्जियमने आपल्या पवनक्षेत्रांवर प्रारंभापासून सलग निरीक्षण ठेवले आहे, आणि काही जातींचे मासे खांबांभोवती जमतात असे तेथे दिसून आले. खांब ठोकताना भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडला तर आवाज बराच घटतो. जर्मनीने अशा आवाजाला कमाल मर्यादाच घालून दिली आहे. याचा अर्थ असा, की पवनचक्की हा मासळीचा जन्मजात वैरी नाही. कोठे, किती, कोणत्या ऋतूत आणि आणखी कशाकशाच्या शेजारी ती उभी राहते, यावर सारे अवलंबून आहे. या चार प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न आपल्या देशात विचारला जात नाही.

कारण समुद्र रिकामा नाही. वाढवण ते मुंबई या किनाऱ्याचाच विचार करा. तारापूरची अणुवीज १९६९ पासून चालू आहे. तिच्या शेजारची तारापूरची औद्योगिक वसाहत तेथील रासायनिक सांडपाण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याविरुद्ध लढणाऱ्यांत मांगेला समाजाची संघटना अग्रभागी राहिली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचे तेलक्षेत्र आहे, ते १९७४ साली सापडले; तेथील प्रत्येक मनोऱ्याभोवती ५०० मीटर पाणी मच्छीमाराला बंद. मुंबईच्या पोटातले मलजल आहेच. आता वाढवणला १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढला जाईल आणि दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक बांध घातला जाईल. त्याच जलपट्ट्याच्या उत्तरेस पवनचक्क्या येतील. आणि या सर्वांच्या जोडीला पाणी तापत आहे, त्याचा कोणी एक मालक नाही.

या पाण्यातला विशेष व्यवसाय म्हणजे डोलीची मासेमारी. डोल ही पिशवीसारखी मोठी जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून, तोंड प्रवाहाकडे करून ठेवतात. भरती-ओहोटीचा जोर मासळी आत आणतो. उधाणाला जाळे भरते, भांगाला रिकामे राहते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली यांची मासेमारी मुख्यतः या पद्धतीने चालते, आणि देशातील बोंबलाचे बहुतेक उत्पादन महाराष्ट्र व गुजरात या दोनच राज्यांच्या किनाऱ्यांवरून येते. पिपावावच्या शेजारचे जाफराबाद हे गाव बोंबलाचे मोठे केंद्र आहे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डोलकर मासळीचा पाठलाग करीत नाही. तो प्रवाहाची वाट पाहतो. खुंटांच्या जागा वहिवाटीने ठरलेल्या असतात. बांधामुळे प्रवाहाची दिशा थोडी बदलली, गाळ दुसरीकडे बसू लागला, तर त्याला ‘चार मैल पुढे जा’ असे सांगण्यात अर्थ नसतो. शेतकऱ्याची विहीर आटली तर त्याला दुसऱ्याच्या शेतात विहीर खणता येत नाही, तसेच हे आहे.

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित केले, आणि त्याच वर्षी गुजरातने घोळ माशाला तो मान दिला. दोन्ही मासे याच जलपट्ट्याचे. सातपाटीचे पापलेट तर देशभर प्रसिद्ध आहे. दोन राज्यांनी दोन माशांना मुकुट चढविला आणि वर्षाच्या आत त्यांच्याच पाण्यावर दोन प्रचंड योजनांचे शिक्के उमटले! मासा राज्याची हद्द जाणत नाही, खात्यांची वाटणी जाणत नाही. बंदराचा कागद नौवहन मंत्रालयात, वाऱ्याचा कागद ऊर्जेच्या मंत्रालयात, तेलाचा पेट्रोलियम मंत्रालयात, मासळीचा चौथ्याच ठिकाणी. आघात मात्र एकाच देहावर होतात.

एकेक प्रकल्प सुटा तपासला की काय निसटते, ते साध्या गणिताने दिसेल. ५०० मेगावॅटच्या एका पवनक्षेत्राला आजच्या १२ ते १५ मेगावॅटच्या चक्क्या घेतल्या तर ३५ ते ४० खांब पुरतात. चाळीस खांबांनी समुद्राचे काय बिघडणार, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकेल. परंतु २०१८ साली सरकारने जे ध्येय जाहीर केले ते २०३० पर्यंत ३०,००० मेगावॅटचे होते; म्हणजे मोठ्यात मोठ्या चक्क्या घेऊनही दोन हजार खांब. चाळीस खांबांची चौकशी पन्नास वेळा केली म्हणून दोन हजार खांबांची चौकशी होत नाही. पहिल्या क्षेत्रातून हुसकलेली बोट दुसऱ्या पाण्यात जाते आणि तेथे आधीच असलेल्या बोटींच्या गर्दीत भर घालते. दुसरे क्षेत्र झाले की दोन्हीकडच्या बोटी तिसऱ्या पाण्यात. तिसऱ्या पाण्यातल्या मासळीवर जो ताण येतो तो कोणत्याच प्रकल्पाच्या अहवालात नोंदला जात नाही. शिवाय परिणामांची नेहमी साधी बेरीज होत नाही. आवाजाने विणीच्या जागेवरून उठलेला मासा जर सांडपाण्याने आधीच दुर्बल झालेला असेल, तर दोन आघात मिळून तिघांइतके होतात.

पर्यावरण-परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेला हा प्रश्न अगदीच अपरिचित होता असे नाही. तिच्या अर्जाच्या नमुन्यात, शेजारच्या चालू किंवा नियोजित प्रकल्पांमुळे एकत्रित परिणाम होतील काय, असे एक कलम आहे. पण त्यात ‘समान परिणाम करणारे प्रकल्प’ असे शब्द आहेत. बंदर आणि पवनचक्की यांचे परिणाम समान कोठे आहेत? एक तळ उकरते, दुसरी आवाज करते! आणि उत्तर लिहिणार कोण, तर ज्याला परवानगी हवी तोच. अधिसूचना निघाली तेव्हा तिच्या परिशिष्टात बंदरे होती, औष्णिक केंद्रे होती. पवनऊर्जेचे नाव नव्हते. सागरी पवनऊर्जेच्या २०१५ च्या धोरणाने पर्यावरणाच्या अभ्यासाची तरतूद केली, पण तोही अभ्यास क्षेत्रापुरता, प्रकल्पापुरता.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान यांनी १९६६ साली या रोगाला ‘लहान निर्णयांची जुलूमशाही’ असे नाव दिले. इथाका या गावची रेल्वे बंद पडली तेव्हा ‘रेल्वे बंद करावी’ असा निर्णय गावातील कोणीही घेतला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या सोयीने मोटार किंवा विमान पत्करले, आणि अशा शेकडो लहान निर्णयांतून कोणालाच नको असलेला मोठा निर्णय होऊन बसला. आर्वी-पुलगावची छोटी गाडी ज्यांना आठवते त्यांना हे उदाहरण परके वाटू नये. समुद्राचेही असेच होत आहे. मासळी संपवावी असा ठराव कोणी केलेला नाही. प्रत्येक ठराव वेगळा, प्रत्येक अहवालाचा निष्कर्ष ‘परिणाम नगण्य’. आणि नगण्यांची बेरीज करण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नाही. त्यात भर म्हणजे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली दाखविलेली गोष्ट: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्रच मूळचा समुद्र समजते. नवा अभ्यास आजच्या घटलेल्या मासळीपासून मोजणी सुरू करतो आणि म्हणतो, फारसे घटले नाही. आजोबांच्या जाळ्याची नोंद कोठेच नसते.

हा केवळ निष्काळजीपणा आहे काय? के. विल्यम काप यांनी १९५० साली ‘सामाजिक खर्चा’ची जी मीमांसा केली तिचा आशय असा, की उत्पादनाचा काही खर्च तिऱ्हाइतावर ढकलणे हा नफ्याच्या व्यवस्थेतला अपघात नसून तिचा स्वभाव आहे. हिशेब जितका तुकड्यांत मांडावा तितके ढकलणे सोपे. पवनक्षेत्राच्या विजेचा दर ठरतो तेव्हा त्यात पोलाद, मजुरी, व्याज, सरकारी साहाय्य सारे धरले जाते. डोलकराच्या रिकाम्या जाळ्याची किंमत धरली जात नाही. ती धरली नाही म्हणून वीज स्वस्त दिसते. म्हणजे सरकार ७,४५३ कोटींचे साहाय्य उघडपणे देते, आणि कोळी समाज आपल्या उपजीविकेतून एक दुसरे साहाय्य गुपचूप देतो. पहिल्याची नोंद अंदाजपत्रकात होते. दुसऱ्याची सावकाराच्या वहीत.

येथे आपल्याही चळवळीने अंतर्मुख व्हावे. मालकी समाजाची झाली की सामाजिक खर्चाचा प्रश्न आपोआप सुटतो, असे आपण दीर्घकाळ मानीत आलो. धरणे, वीजकेंद्रे, सरकारी कारखाने यांच्या उद्‌घाटनांना आपणही टाळ्या दिल्या. पण वाढवणच्या बंदरात ७४ टक्के भाग जवाहरलाल नेहरू बंदराचा आणि २६ टक्के राज्याच्या सागरी मंडळाचा आहे, दोन्ही सार्वजनिकच. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने नवी मुंबई-उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला, तो नेहरू बंदर, सिडको आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळ या तीन सार्वजनिक संस्थांविरुद्ध होता. या निवाड्याचे महत्त्व भरपाईच्या रकमेहून मोठे आहे. खाडीतील मासळीचे नुकसान कोणा एकाने केलेले नाही, अनेकांनी मिळून केले आहे, आणि अनेकांनी केले म्हणून कोणीच जबाबदार नाही असे होत नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले. नुकसानीनंतर न्यायालयाला जी बेरीज करता येते, ती नुकसानीपूर्वी सरकारला का करता येऊ नये?

ती करता येते, याचे दाखले आपल्या राज्यात आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रे सुट्या धुराड्यांऐवजी संपूर्ण क्षेत्र हा घटक धरून, हवा-पाणी-जमीन यांचा एकत्र निर्देशांक काढून तपासली. चंद्रपूरचा आकडा ८३.८८ निघाला आणि जानेवारी २०१० मध्ये तेथे नव्या प्रकल्पांच्या परवानग्या काही काळ थांबवाव्या लागल्या. प्रत्येक कारखाना सुटा ‘नियमात’ होता. चंद्रपूर मात्र नियमाबाहेर गेले होते. २०११ साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांबाबत हेच म्हटले: आधी जिल्ह्याची धारणक्षमता तपासा, मग नव्या खाणींना आणि वीजकेंद्रांना परवानगी द्या.

तिसरा दाखला डहाणूचाच आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे एक प्राधिकरण नेमण्यात आले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. वर्ध्याच्या वातावरणाशी एकरूप झालेल्या दादा धर्माधिकारींचे ते चिरंजीव. एका तालुक्यात येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाकडे तालुक्याच्या एकूण प्रकृतीच्या दृष्टीने पाहायचे, अशी ही देशातील विरळ व्यवस्था होती. १९९८ साली तिने वाढवण बंदराला नकार दिला. २०१९ च्या जानेवारीत धर्माधिकारी निवर्तले. पुढे बंदराचा प्रस्ताव नव्या रूपात आला, आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने त्याला ना-हरकत दिली. समुद्र तोच, मासळी तीच. दरम्यान काय बदलले याचा विचार वाचकांनीच करावा. संस्था उभी करणे जितके महत्त्वाचे तितकेच तिचे स्वातंत्र्य टिकविणे महत्त्वाचे, एवढा बोध आम्ही घेतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की हवामानाचे संकट दारात उभे असताना अभ्यासाच्या नावाने वाऱ्याची वीज लांबवणे हे कोळशाचे समर्थन ठरेल. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो इतिहासाला धरून नाही. २०१८ साली जाहीर झालेले २०२२ पर्यंतचे ५,००० मेगावॅटचे लक्ष्य मच्छीमारांनी अडविले नाही. खर्च परवडत नाही म्हणून ते कागदावर राहिले. पिपावावजवळ वारा मोजण्याचे यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरात बसले. वाऱ्याचा वेग मोजायला वर्षे मिळाली, तर त्याच वर्षांत त्याच पाण्यातील मासळी मोजायला कोणाचा अडसर होता? उलट आधी अभ्यास न करता केलेली घाई पुढे न्यायालयात आणि आंदोलनात अधिक काळ अडकते. वरळीच्या कोळ्यांनी मुंबईच्या सागरी रस्त्याच्या खांबांमधले अंतर ६० मीटरहून वाढवा, एवढेच मागितले होते. १२० मीटर अंतर मान्य व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडला, तोवर काम कितीतरी पुढे गेले होते. बोट कोठून जाते हे पहिल्या दिवशी विचारले असते तर?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मासळी मच्छीमारांनीच संपविली, असे म्हटले जाते. हे पूर्ण असत्य नाही. मुंबईच्या समुद्रातील वाळूत राहणारी चपटी शेवंड ट्रॉलरच्या अतिरेकाने १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नाहीशी झाली, आणि अजून ती पूर्वीसारखी परतलेली नाही. अंड्यांनी भरलेल्या माद्या आणि बोटभर पापलेट बाजारात आणणारेही आहेत. पण ट्रॉलरचा भांडवलदार आणि डोलीचा खलाशी यांना एका मापाने मोजणे हा अन्याय आहे. आणि एका कारणाने दुबळा झालेला समुद्र दुसऱ्या आघातांना अधिक सहज बळी पडतो, हाच तर एकत्रित हिशेबाचा मुद्दा आहे. त्या हिशेबात ट्रॉलरही धरले जावेत, लहान आसाची जाळीही धरली जावीत. मच्छीमार संघटनांनी याला भिण्याचे कारण नाही. जून-जुलैची मासेमारी-बंदी आणि मासळीच्या किमान आकाराचे नियम यांतील प्रामाणिक भागीदार तेच असू शकतात.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. खंबायतच्या आखातापासून मुंबईपर्यंतचा समुद्र हा एक घटक धरून, त्यातील चालू आणि नियोजित सर्व प्रकल्पांचा मासळीवर व शिंपल्यांवर होणारा एकत्रित परिणाम एका स्वतंत्र मंडळाने तपासावा. या मंडळाचा खर्च प्रकल्पवाल्यांकडून वसूल करावा, पण नेमणूक त्यांच्या हाती असू नये. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेकडे १९४७ पासूनचा अनुभव आहे. तिच्या नोंदी आणि गावोगावच्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर आजोबांच्या जाळ्याचाही हिशेब लागेल. खांब ठोकण्याचे काम विणीच्या ऋतूत बंद असावे, आणि आवाजाची कमाल मर्यादा कायद्याने ठरावी. पवनक्षेत्र आखण्यापूर्वी डोलीच्या जागांचा नकाशा स्थानिक संस्थांकडून करून घ्यावा. आणि त्यानंतरही ज्यांचे नुकसान होईल त्यांना एकरकमी भिकेऐवजी विजेच्या उत्पन्नात कायमचा हिस्सा मिळावा. वारा ज्या पाण्यावरून वाहतो त्या पाण्यावर ज्यांची वहिवाट आहे, त्यांचा त्या वाऱ्यावर काहीच हक्क नाही काय?

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे, की हा प्रश्न किनाऱ्यावरच्या साथींवर सोपवून मोकळे होऊ नका. किनाऱ्यावरच्यांनी आपापल्या सहकारी संस्थांच्या जुन्या वह्या शोधून, त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात. जनसुनावणीत भाषणापेक्षा तो पुरावा अधिक टिकतो. विदर्भातल्यांनी आपल्या जिल्ह्यातील खाणी, वीजकेंद्रे, धरणे आणि तलाव यांचा असाच एकत्र हिशेब मांडावा. आमच्या सेलू तालुक्यात बोरचे धरण आहे. ज्या ढीवर-भोई कुटुंबांचे पोट नदी-तलावांवर आहे त्यांना, वरच्या अंगाला काय काय बदलले याची कोणी बेरीज करून दाखविलेली नाही. समुद्रातल्या डोलकराचा आणि तलावावरच्या ढीवराचा प्रश्न एकच आहे. दोघांच्याही पाण्याविषयीचे निर्णय तुकड्यांत होतात आणि परिणाम मात्र अख्खा भोगावा लागतो.

पवनचक्क्या उभ्या राहोत. त्यांची पाती फिरोत आणि चंद्रपूरची धुराडी एकेक करून थंड होवोत, हे आम्हालाही हवे आहे. पण त्या विजेच्या दिव्याखाली बसून जेवणाऱ्या मजुराच्या भाकरीवरची सुकट नाहीशी झाली असेल, तर त्या दिव्याचा खरा दर कोणत्याच देयकावर छापलेला नसेल. तो दर आधी मोजा, सर्वांसमोर मोजा, आणि मग खांब ठोका.